माश्या बांधणाऱ्यांचं टेन्शन

हात गुंतलेले आणि तोंड मोकळं असलं, की किस्से साठायला वेळ लागत नाही. आमच्याकडे दिवसभर तेच. डोळे हुकावर, बोटं दोऱ्यावर, आणि जिभेला काही कामच नाही! त्यात मालक असा, की सगळं सुरळीत चाललं असलं की त्याला जास्त भीती वाटते. मग काय, आज एखादी गोष्ट घडते, उद्या तिला तिखटमीठ लागतं आणि परवा ती किस्सा होऊन बसते.

आधी आम्ही काय करतो ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही माश्या बांधतो. हसून घ्या, सगळेच हसतात!

जळगावात, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या माळ्यावर आम्ही दहा-बारा बायका बसतो. टेबलाला लावलेल्या चिमट्यात हूक धरायचा आणि त्याच्यावर रंगीत केस, पिसं, चमकी, रबराचे पाय असं एकेक बांधत जायचं. शेवटी त्याची कोळंबी होते, नाहीतर खेकडा, नाहीतर बोटाएवढी मासोळी. गरम देशांतल्या समुद्रात हौशी लोक हे दोरीला लावून फेकतात आणि त्याला फसून मोठाले मासे लागतात. इंग्रजीत या सगळ्याला 'फ्लाय' म्हणतात, म्हणून आम्ही म्हणतो माशी. खेकडा असला तरी माशीच!

पूर्वी इथे राख्या व्हायच्या. राखीचं काम म्हणजे वर्षातले थोडे महिने, मग घरी. पुढे आमचे मालक अरुणभाऊ यांना गोव्याचे डिकॉस्टा साहेब भेटले. साहेब माश्या परदेशी पाठवतात. तेव्हापासून काम बारमाही झालं. आणि बारमाही काम म्हटलं की ते जाण्याची धास्तीही बारमाही! साहेबांचा फोन वाजला की भाऊ उभे राहतात. मी रजनी, चेकिंगला असते. म्हणजे माल नापास झाला की सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघतात.

*

पहिला नमुना आला तो दिवस मला अजून आठवतो.

भाऊंनी कापसात ठेवलेली डबी टेबलावर आणली. आत एक गुलाबी कोळंबी. काळे मण्यांचे डोळे, अंगात चमकी, शेपटीला लांब केस. भाऊ म्हणाले, "कुणी हात लावू नका. अशी हुबेहूब जमली तर काम आपलं. आणि हा नमुना परत पाठवायचाय."

तोपर्यंत मंगलाक्कांनी ती उचललीसुद्धा! अक्का आमच्यात सगळ्यांत मोठ्या, मूळच्या शिंदखेड्याकडच्या. अहिराणी सोडून दुसरं बोलत नाहीत. त्यांनी ती कानाला लावून विचारलं, "हाई काय शे? झुमका शे का?"

आणि मान वळवली मात्र, हूक अंबाड्यात रुतला.

"अक्का, हलू नका!" भाऊ ओरडले.

"मी कोठे हालस भाऊ? माशी हालस!"

शेवटी कात्री आणून मीच केस कापले. बरेचसे निघाले, पण दोन-चार पांढरे केस कोळंबीच्या शेपटीत असे गुंतले की ओढायची हिंमत होईना. आम्ही बांधलेल्या कोळंब्यांबरोबर नमुना तसाच परत गेला. भाऊ आठवडाभर नीट जेवले नाहीत.

मग साहेबांचा फोन आला. "अरुणराव, तुमचे नमुने पास. पण आमच्या नमुन्यात तुम्ही जे पांढरे केस घातलेत ना, पाण्यात काय सुंदर हलतात! ते कुठे मिळतात?"

साहेब पहिल्यांदा जळगावला आले, तेव्हा अक्का डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसल्या होत्या!

*

खेकड्याच्या पाठीवर एक चिकट द्रव लावतात. त्यावर जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च मारली की तो काचेसारखा कडक होतो. साहेबांनी द्रव पाठवला, टॉर्च पाठवली, कसं करायचं त्याचा व्हिडिओही पाठवला.

व्हिडिओ गोव्यात काढलेला. आमच्याकडे मे महिना! कल्पनाने खिडकीजवळ बसून बाटली उघडली, ब्रश बुडवला आणि खेकड्यापर्यंत नेला, तोवर ब्रशच कडक झाला. दुसरा ब्रश घेतला, तोही गेला. तिसऱ्या वेळी तर बाटलीचं तोंडच बंद झालं. या द्रवाला उन्हाचाही उजेड चालतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

भाऊंना वाटलं, सगळा माल बाद. घाम पुसत त्यांनी फोन लावला.

साहेबांनी विचारलं, "टॉर्च चालत नाही का?"

"साहेब, टॉर्च राहू द्या," भाऊ म्हणाले, "सूर्य बंद करायचं काही असेल तर पाठवा!"

*

एकदा हूक नवीन ठिकाणाहून आले. साहेबांनी बजावलं, "रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवून बघा. गंज चढला तर माल पाठवू नका, आणि मग पुढचं काय ते बोलू."

"पुढचं काय ते बोलू" एवढ्यावर भाऊंचं ब्लडप्रेशर वाढलं.

पण समुद्राइतकं खारं पाणी म्हणजे किती खारं? जळगावात कुणाला विचारायचं? साहेबांना विचारावं, तर त्यांना वाटेल यांना एवढंही माहीत नाही. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. एकटे भाऊ द्वारकेला जाऊन आले होते आणि तिथे एक लाट त्यांच्या तोंडात गेली होती. बस, तेवढाच आधार!

हंडाभर पाणी घेतलं. कल्पना मीठ टाकायची, भाऊ बोट बुडवून चाखायचे.

"अजून."

मीठ टाकलं.

"अजून थोडं."

पुन्हा टाकलं. भाऊंनी बोट जिभेला लावलं, डोळे मिटले आणि एकदम म्हणाले, "हां! द्वारका!"

त्यातलं अर्धं पाणी बादलीत ओतून हूक तारेला लटकवून ठेवले. सकाळी झाकण काढलं तर पाणी लालसर! भाऊ तिथेच जमिनीवर बसले. मला तर रडूच यायला लागलं, कारण ते हूक मीच पास केले होते. मग एकेक हूक बाहेर काढून पुसला, तर सगळे चकचकीत. गंजली होती ती तार!

भाऊंच्या जिवात जीव आला. "अक्का, चहा टाका! सगळ्यांना!"

अक्काही खुशीत. हाताशी जो हंडा होता त्यातलंच पाणी घेऊन त्यांनी चहा उकळला आणि पहिला कप भाऊंना दिला. भाऊंनी मोठा घोट घेतला. त्यांचा चेहरा बघून आम्ही आमचे कप खाली ठेवले. त्यांनी तो घोट कसाबसा गिळला आणि हळूच म्हणाले, "द्वारका."

*

माशीला डोळे असतात, धातूचे. ते नुसते शोभेचे नाहीत. पाणी खोल असेल तर जड डोळे लावायचे, म्हणजे माशी पटकन तळाला जाते. गुडघाभर पाण्यात मात्र हलके डोळे लागतात, कारण तिथे माशी धपकन पडली की मासे घाबरून पळतात.

एकदा ऐन माल पाठवायच्या दिवशी लक्षात आलं, की जड आणि हलके डोळे एकत्र झालेत! वरून रंग दिलेला, त्यामुळे बघून काही कळेना. बांधलेल्या माश्यांचं वजन करावं, तर कुणाला केस जास्त, कुणाला कमी. भाऊ घामाने निथळायला लागले. मी म्हटलं, "टबात टाकून आवाज ऐकू. धप्प झालं तर जड, टुप्प झालं तर हलकी."

टब भरला. मी वरून माशी सोडली. सगळ्या कान लावून बसल्या. काही ऐकू आलं नाही, कारण खाली गिरणी धडधडत होती!

भाऊ तसेच जिन्याने खाली गेले. गिरणीवाले नाना दळत होते, पुढे बायकांची रांग.

"नाना, जरा वेळ गिरणी बंद ठेवता का?"

"का हो? काय झालं?"

"वर पाण्यात माशी पडतेय. तिचा आवाज ऐकायचाय."

नानांनी गिरणी बंद केली. पण मशीन सोडून ते स्वतः भाऊंबरोबर वर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, भाऊंच्या घरी फोन केला का?"

*

माशीचा रंग समुद्राचा तळ बघून निवडतात. पांढऱ्या वाळूवर फिकी, पाणी गढूळ असेल तर काळी, आणि जिथे गवत असेल तिथे हिरवट. एका ऑर्डरमध्ये साहेबांनी रंग सांगितला, 'ऑलिव्ह'. मोबाइलवर फोटो पाठवला, तर प्रत्येकीच्या फोनवर वेगळाच रंग दिसायला लागला.

कल्पना म्हणाली, "भाऊ, आपल्या भरताच्या वांग्यासारखा आहे."

भाऊंनी फोनवर साहेबांना तेच सांगितलं. पण आमच्याकडची भरताची वांगी हिरवी असतात, हे साहेबांना कुठून माहीत असणार? ते म्हणाले, "वांगं जांभळं असतं!" भाऊ म्हणाले, "हिरवं असतं!" वाद वाढायला लागला तसे भाऊ घाबरले. गिऱ्हाइकाशी वाद कसा घालायचा? त्यांनी सरळ बाजारातून एक ताजं वांगं आणलं, कागदात गुंडाळलं आणि गोव्याला कुरिअर केलं. वर चिठ्ठी लिहिली, 'कृपया रंग मंजूर करावा.'

मग तीन-चार दिवस काही उत्तर नाही. भाऊंना वाटलं, साहेब रागावले. येता-जाता मला विचारायचे, "वांगं पाठवायला नको होतं का गं?"

एका दुपारी मेसेज आला. "रंग मंजूर. भाजी पण चांगली झाली. पुढचा रंग पिवळा आहे, केळी पाठवा!"

*

आता कल्पनाचंच सांगते.

कल्पना जामनेरकडची. घरी केळीची बाग. ती इथे जळगावात मावशीकडे राहते. खेकडा बांधावा तर तिनेच. तिने बांधलेला खेकडा पाण्यात कसाही टाका, पायांवरच बसतो. तिला बघायला स्थळ येणार म्हटल्यावर तिच्या वडिलांपेक्षा जास्त काळजी भाऊंना. लग्न मोडलं तर पोरीचं वाईट, आणि जमलं तर आपले खेकडे कोण बांधणार?

वडिलांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "माश्यांचं नाव काढू नको. मी बोलतो."

पाहुणे आले. मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलगी काय करते?"

वडील म्हणाले, "एक्स्पोर्टमध्ये आहे."

"कशाच्या?"

"ते... समुद्राशी संबंधित आहे."

"म्हणजे नेव्ही?"

कल्पना म्हणते, बाबांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. तिला ते बघवेना. ती उठली, आतून एक खेकडा घेऊन आली आणि ताटलीत ठेवला. "मी हे बांधते," ती म्हणाली. "याला माशी म्हणतात."

मामांनी हात लावायला बोट पुढे केलं आणि हूक बघून मागे घेतलं. मग मुलानेच विचारलं, "पण मासा एवढा फसतो कसा?" हा मुलगा मोटारपंप दुरुस्त करतो, तेव्हा त्याला कसं चालतं ते विचारायची सवय.

कल्पना म्हणाली, "आपल्याला घाबरून ही पळतेय, असं त्याला वाटलं पाहिजे. मग तो येतोच मागे."

मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मुलगी बोलते बऱ्यापैकी."

एवढं बोलून मंडळी निघून गेली. हो नाही, की नाही नाही.

दुसऱ्या दिवशी कल्पना कामावर आली, पण तिच्या हातात दोरा टिकेना. सारखा तुटायचा. मी तिच्याशी काही बोलायला गेले की ती म्हणायची, "ताई, मी काही चुकीचं बोलले का?" मी म्हणायचे, "नाही गं," पण मलाही आतून भीती वाटत होती. भाऊ दारात उभे राहून दोन्ही बाजूंनी देवाची प्रार्थना करत होते.

जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन वाजला. तिने मेसेज वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. मी मोठ्याने वाचला, "तुमचा खेकडा चुकून माझ्या खिशात आला. तो परत द्यायला येऊ का?"

अक्कांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "चुकीसन?" त्या म्हणाल्या. "व माय! लागना ना मासा!"

*

मागच्या हिवाळ्यात एक पार्सल आलं. आमच्याकडून पार्सलं जातात, आमच्याकडे येत नाहीत. आलंच तर परत आलेला माल. साहेबांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मालदीवच्या गिऱ्हाइकाने पाठवलंय. मी उघडलेलं नाही. तुमच्या नावाचं आहे."

भाऊंनी ते पार्सल देवाच्या फोटोसमोर ठेवलं. सकाळ गेली, दुपार गेली. कुणी त्याला हात लावेना. त्या दिवशी आमच्याकडे एक अक्षर कुणी बोललं नाही, आणि हे आमच्याकडे कधी होत नाही! राख्या करायचो त्या काळी घरी बसायचे ते लांबलचक महिने मला आठवायला लागले. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईने तर जेवणाचा डबाही उघडला नाही.

संध्याकाळी भाऊ म्हणाले, "उद्या उघडू."

कल्पना म्हणाली, "उद्या आत दुसरं काही निघणार आहे का?" तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि तिने काम सोडलं नव्हतं.

शेवटी मी कात्री घेतली. कागद काढला, डबी उघडली.

आत एकच माशी. वीतभर लांब मासोळीच्या आकाराची, मोठ्या माशांसाठी बांधतो ती. पण काय तिची अवस्था! केस उपटलेले, चमकी लोंबतेय, एक डोळा गायब, हूक वाकडा झालेला. भाऊंनी बघितलं आणि भिंतीला टेकले.

"इतकी वाईट बांधली?"

मग सुरू झालं. "ही माझी नाही, मी असा दोरा गुंडाळत नाही." "माझी तर नाहीच, मी तेव्हा सुट्टीवर होते." "डोळा मी नाही लावला!" सगळ्यांनी हात वर केले आणि मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पास तर मीच केली होती!

डबी बाजूला ठेवताना तिच्या तळाशी एक फोटो दिसला. एक माणूस कमरेइतक्या निळ्या पाण्यात उभा. त्याच्या दोन्ही हातांवर एक चंदेरी मासा, एवढा मोठा की त्याला पेलवत नव्हता. माणूस लहान मुलासारखा हसत होता. मागे इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. फोन लावून मी ते साहेबांना वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, "अहो, तो आभार मानतोय! आयुष्यातला सगळ्यांत मोठा मासा त्याला या माशीने दिला. माशी तुम्हाला आठवण म्हणून पाठवलीय. आणि अशाच अजून हव्यात म्हणतो, भरपूर!"

मग एकदम आवाज आला, "बघू! अगं, ही तर माझी!" "तुझी कशी? हा दोरा बघ ना, मी असाच गुंडाळते!" "आणि डोळा कुणी लावला होता? मी!" आता ती एकच माशी सगळ्यांची झाली होती! मी खुर्चीवर बसले आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. भाऊंनी स्वतः जाऊन गरम जिलबी आणली. त्यांना इतकं मोकळं हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

जिलबी आल्यावर साहेबांना पुन्हा फोन लावून स्पीकरवर ठेवला. अक्का जिलबी खात-खात फोटो निरखून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, इतला मोठा मासा, कितला लोकेसनी खादा व्हई?"

"खात नाहीत अक्का," साहेब म्हणाले. "फोटो काढतात आणि पाण्यात परत सोडून देतात."

अक्कांनी जिलबी खाली ठेवली. "जित्ता?"

"हो, जिवंत!"

"मंग तो जाईसन बठ्ठा मासास्ले सांगी ना!"

तो जाऊन सगळ्या माशांना सांगेल, म्हणे! आम्ही सगळ्या पोट धरून हसायला लागलो. तिकडे साहेबही हसत होते. एकटे भाऊ हसले नाहीत. त्यांनी हातातली जिलबी कागदात परत ठेवली, बोटं पुसली, फोन उचलून अगदी तोंडाजवळ नेला आणि आवाज खाली आणून विचारलं,

"साहेब... डिझाइन बदलायचं का?"